देवीने न घेतलेला इसार

धर्माशेठ गेल्याची बातमी आली, तेव्हा मी कामतघरच्या नाक्यावर चहा पीत त्याचीच गोष्ट रंगवत होतो. गोष्टीत तो बंद पडलेला ट्रक एका हाताने ढकलत होता. तेवढ्यात त्याच्या कारखान्याचा मुकादम आला आणि म्हणाला, "शेठ गेले." चहावाला हसला. माझ्या शेजारी उभं राहून कुणी खरं बोललं तरी लोकांना ती थापच वाटते... मुकादमाने डोळे पुसले, तेव्हा कुठे सगळे उठले.

आम्ही एकाच आळीतले, लंगोटीयार. बापाचं भाताचं शेत विकून त्याने कापड विणायचे चार लूम घेतले, चाराचे चाळीस केले. मी चारशे सांगायचो. तो मिशीत हसायचा, नाही कधी म्हणाला नाही. सूत असो, जागा असो की जांभळांची पाटी, समोरच्याच्या हातावर आधी इसार ठेवायचा. "इसार घेतला की माणूस बांधला गेला," म्हणायचा.

मग पोटात गाठ निघाली. त्याने मुंबईहून इतके डॉक्टर आणवले, की तिकडच्या माणसाला साधा खोकला झाला तरी भिवंडी गाठावी लागत असेल. शेवटच्या डॉक्टरने फी घेतली नाही. धर्मा सगळ्यात जास्त त्यालाच घाबरला.

त्याने चांदीचा मुकुट घडवून घेतला. "बाळ्या, गावदेवीला देऊन ये. इसार आधी, काम नंतर. बघू आता कशी नाय म्हणते!"

देवळातल्या म्हाताऱ्या गुरवाने मुकुट निरखला आणि परत माझ्या पिशवीत ठेवला. "नवस बोलायचा, आईनं ऐकला तं मंग फेडायचा. आधीच देऊन आईला बांधतो काय तो? असंच द्यायचं आसंल तं घेतो. पन बदल्यात काय मागायचं न्हाय. जा, इचार त्याला."

वाटेत माझ्या डोक्यात दहा गोष्टी तयार झाल्या. देवी हसली, तिने उजवा कौल दिला... पण खाटेजवळ पोचलो, त्याचे डोळे पाहिले आणि त्यातली एकही सांगवेना. झालं तसं सांगितलं.

"काहीच मागायचं नाय?"

"नाय."

"जगायचं पण नाय?"

भिंतीपलीकडे लूम खडखडत होते. त्याने मुकुट छातीशी धरला, बराच वेळ धरून ठेवला... मग माझ्याकडे ढकलला. "देऊन टाक. तिला काय करायचं ते करू दे." आणि माझं मनगट आवळून म्हणाला, "भीती वाटते रे, बाळ्या."

मी देऊन आलो. भीती काही गेली नाही. त्याला निदान झोप तरी दे, असं मी देवीला विनवलं. तिने तीही दिली नाही. तो राग माझा अजून गेलेला नाही.

परवा त्याच्या घरी गेलो. वहिनी त्याच्या खाटेपाशी उभी होती. "भाऊजी, देवीवर टाकलं म्हणत होते, माझ्यापुढे भीती कधी दाखवली नाही, मग शेवटी खरंच शांत झाले होते का? खरं सांगा हां, तुमचं नेहमीचं नको."

जीभ वळवळली. पण म्हणालो, "नाही वहिनी. शेवटपर्यंत घाबरलेला होता."

तिचा चेहरा उतरला.

"रोज एकच विचारायचा, मुकुट आईला नीट बसला ना? परत आण, असं एकदाही म्हणाला नाही."

वहिनीने चादरीवरची सुरकुती हाताने सारखी केली. "मग देवीवर टाकलंच होतं म्हणायचं," ती म्हणाली.