हेड बदलायचं नाही म्हणजे नाही

काकांच्या दुकानातलं नकाशे छापायचं मशीन जेवणाच्या टेबलाएवढं लांब होतं, आणि काकांचा जीव अडकला होता त्यातल्या काडेपेटीएवढ्या हेडमध्ये. हे हेड कागदावरून इकडून तिकडे धावतं आणि बारीक छिद्रांतून शाई सोडतं. छिद्रं झिजली की तेवढ्या पट्ट्यात कागद कोरा राहतो. यात न समजण्यासारखं काही नाही. काकांनाही समजत होतं, पटत नव्हतं.

उमेदीच्या वर्षांत त्यांनी हाताने नकाशे काढले होते. अशी रेघ ओढायचे की साहेबलोक भिंग लावून बघत. मग मशीन आलं, हातातलं काम गेलं. काका रुसून बसले नाहीत, मशीनच शिकून घेतलं. फक्त एक झालं, मशीनची रेघ ते आपलीच समजू लागले. तिला कोणी नाव ठेवलं की यांचं तोंड उतरायचं.

रोज सकाळी चाचणीचं पान काढायचं, हा शिरस्ता. त्यावर बारीक रेघांची शिडी उमटते. हल्ली शिडीच्या पायऱ्या गळत होत्या. मुलगी दुकानात बरोबरीने काम करायची. तिच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं.

"बाबा, नवं हेड मागवते."

"मागव. मी गेल्यावर बसव."

"तोवर गिऱ्हाइकांना काय सांगू, थांबा म्हणून?"

"कोमट पाण्यात ठेवतो जरा. मोकळं होईल."

"परवाच आंघोळ घातलीत त्याला! बुजलेलं असेल तर उघडेल, बाबा. झिजलेलं कसं भरून येईल?"

"तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी शाईत हात घालतोय."

ती कपाळाला हात लावून कामाला लागली.

काकांनी मग आपल्या डोक्याने तोडगा काढला. एखादी आडवी रेघ नेमकी झिजलेल्या छिद्रांच्या वाटेत आली, तर अख्खी नाहीशी होणार. तेव्हा असा नकाशा फिरवून, उभा छापायचा. रेघ जागेवर राहते. हेडच्या दर फेरीला तिच्यात चिमटीएवढी फट पडते, इतकंच. मुलीला त्यांनी हे सांगितलं नाही. स्वतःवर मात्र बेहद्द खूश होते.

एका सकाळी खोदकामाचा मुकादम नकाशाची जादा प्रत न्यायला आला. रस्त्याखाली पाण्याचा नळ टाकायचं काम त्याच्याकडे होतं. पहिली प्रत आदल्या दिवशीच कामावर गेली होती. त्याने कागद उलगडला आणि बोट ठेवलं.

"ही विजेची लाइन बंद आहे ते बरं झालं, काका. नाहीतर हाताने उकरत बसावं लागलं असतं. पोरांना सांगूनच आलोय, खोदायचं मशीन बिनधास्त घाला."

"बंद? बंद कुठाय?"

"तुटक दाखवलीय की. ही बघा."

काकांनी पाहिलं. सलग रेघ म्हणजे चालू लाइन, तुटक म्हणजे बंद. कितीतरी नवशिक्यांना त्यांनी हे स्वतः बजावलं होतं. फाइलमध्ये रेघ सलग होती. कागदावर तिचे सारख्या अंतराने तुकडे पडले होते, नीटनेटके, कोणी मुद्दाम काढावेत तसे.

"फोन लाव," काका म्हणाले. "खोदणं थांबव. ती लाइन चालू आहे."

मुकादमाने लावला. कोणी उचलेना. मशीनच्या आवाजात ऐकू कसं येणार! त्याने पुन्हा लावला. काकांनी टेबलाची कड धरली होती. मुलगी आतून येऊन उभी राहिली. काय झालं हे तिने विचारलं नाही, कागद आणि बापाचा चेहरा, दोन्ही तिने पाहिले होते.

"अरे बंद कर! मशीन बंद कर आधी!" मुकादम ओरडला. मग नुसता ऐकत राहिला. शेवटी फोन खाली घेतला. "रस्त्याचा वरचा थर फुटलाय. खाली गेले नव्हते अजून."

त्याने फोन खिशात टाकला.

"मशीनवर माझा धाकटा भाऊ बसतो, काका," एवढंच म्हणून तो बाहेर पडला. कागद तिथेच राहिला.

काका खुर्चीत बसले. पाणी दिलं तर प्यायले नाहीत. बऱ्याच वेळाने उठले, मशीनचं झाकण उघडलं आणि हेड काढून मुलीच्या हातात ठेवलं.

"नवं मागव. येईपर्यंत एकही नकाशा छापायचा नाही. आणि फिरवून छापलेले कोणाकोणाकडे गेलेत, ते सांगतो."

"फिरवून?" ती म्हणाली, आणि मग तिच्या ध्यानात आलं. रागाने तिला रडू फुटायचं बाकी होतं. "मला एका शब्दाने तरी सांगायचं होतंत, बाबा!"

"हो. सांगायला हवं होतं."

उभ्या आयुष्यात त्यांनी तिच्यापुढे अशी मान तुकवली नव्हती. तिचा राग तिथेच अडखळला.

"द्या फोन. मी बोलते सगळ्यांशी."

"नको. तू बोललीस तर म्हणतील, पोरगी घाबरलीय, काका बघतील काय ते. मलाच बोलू दे."

पहिला फोन एका जुन्या ठेकेदाराला लागला. तो हसलाच. "काका, तुमची रेघ चुकली? काय सांगता!"

"चुकली," काका म्हणाले. "हसायचं तर नंतर हसा. आधी तो कागद फाडा, मला आवाज ऐकू येईल असा."

फोन कानाला लावून ते थांबून राहिले.