इमामपूर घाटातला आडोसा

आधीच सांगतो, असले गूढ अनुभव मी आजवर फक्त करमणूक म्हणून वाचले. कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये बावीस वर्षं असिस्टंट आहे. इथं लोक लिहितात त्यातल्या निम्म्यांना मी मनातल्या मनात उत्तर देऊन मोकळा होतो — झोप, पित्त, नाहीतर वायरिंग. आमच्या घरात अंगारा, उतारा कधी आला नाही. आईनंच येऊ दिला नाही. त्यामुळे हे लिहायला दोन वर्षं गेली. शेवटी बायको वैशाली म्हणाली, “तुम्ही लिहीत नसाल तर मी लिहिते. मी तिखटमीठ लावून लिहीन, बघा.” म्हणून बसलोय.

आई नगर जिल्ह्यातल्या बेलापूरकडची. नोकरीही त्याच भागात — सरकारी नर्स. वस्त्या-वाड्यांवर लशी घेऊन सायकलनं फिरायची. रिटायर झाल्यावर एकटीच तिथं राहिली. पावणेतीन वर्षांपूर्वी, म्हणजे मी सांगतोय त्या दिवसाच्या आठ महिने आधी, तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि बोलणंही गेलं. ‘हं’, ‘नगं’, ‘पानी’... एवढेच शब्द उरले. तिला नगरला आमच्याकडे सावेडीला आणलं. उचलणं, कूस बदलणं, पुसणं — मी आणि वैशाली.

मला लांब सायकल चालवायचा नाद आहे. त्या आठ महिन्यांत सायकल भिंतीला टेकून होती. आषाढातल्या एका रविवारी वैशालीच म्हणाली, “जाऊन या कुठंतरी. तुमचं तोंड बघवत नाही आता. एक दिवस मी बघते आईंकडे.”

प्रवरासंगमपर्यंत जाऊन यायचं ठरवलं. पाऊस रुसला होता, पण वारा... आमच्याकडे आषाढात वारा कसा सुटतो ते नगरच्या माणसाला सांगायला नको. जाताना तो पाठीशी होता. पॅडल न मारता सायकल पळत होती. मला वाटलं, वा, अजून पायात जोर आहे आपल्या! नवशिक्याची चूक असते ही. पाठीचा वारा सगळं श्रेय तुम्हाला देतो आणि परत येताना व्याजासकट वसूल करतो.

परतीला नेवासा फाटा ओलांडला तेव्हाच कळलं की आज काही खरं नाही. वारा समोरून, किंचित उजव्या हाताला. अशा वाऱ्याशी भांडायचं नसतं. हलका गिअर टाकायचा, कोपर वाकवायचे, छाती हँडलजवळ आणायची, मुठी सैल सोडायच्या आणि स्पीडच्या आकड्याकडे अजिबात बघायचं नाही. चढ आहे असं समजायचं. पण चढाला माथा असतो, वाऱ्याला नसतो. एकच खरा उपाय असतो — पुढं कुणीतरी सायकलवाला असावा आणि आपण त्याच्या आडोशात, चाकाला चिकटून राहावं. मी एकटा होतो.

घोडेगावला चहा प्यायला थांबलो. फोनची बॅटरी गेली होती. कांद्याच्या गोण्या भरून निघालेला एक टेम्पोवाला माझ्याकडे बघत होता.

“कुठं जायचं?”

“नगर.”

“अवो, ह्या वाऱ्यात? माझा टेम्पो सुदीक हालतोय. टाका सायकल वर गोन्यांवर, बसा म्होरं.”

“नको, जातो मी. सावकाश.”

“बघा बुवा. घरी कोन हाय का न्हाई वाट बघनारं?”

या प्रश्नावर खरं तर चढायला हवं होतं टेम्पोत. नाही चढलो. कशाचा हट्ट होता, आजही सांगता येत नाही.

पुढे गेल्यावर कधी नव्हे ते घाबरलो. उजवीकडून वारा असला की तुम्ही नकळत उजवीकडे रेलून चालवता. ट्रक शेजारून ओव्हरटेक करतो तेव्हा क्षणभर वारा अडतो आणि तुमची सायकल ट्रकच्याच चाकांकडे ओढली जाते. ट्रक गेला की परत थप्पड. असं दोनदा झालं. दुसऱ्यांदा ट्रकचं मागचं चाक हातभर अंतरावर होतं. मी रस्त्याच्या कडेला मुरमात घुसलो, एक पाय टेकला आणि डोक्यात एकच आलं — मी इथं पडलो तर वैशाली एकटीनं आईला उचलणार कशी?

तरी निघालो. थांबून काय करणार? आणि दोनेकशे पावलं गेलो असेन... वारा थांबला.

थांबला म्हणजे — माझ्यापुरता. शेजारचा ऊस आडवा होत होता. एका छोट्या देवळाचा झेंडा पत्र्यासारखा ताठ फडफडत होता. रस्त्यावरून धूळ वाहत होती. आणि माझ्या तोंडावर काही नाही. कानातला घोंगाट बंद.

लॅबवाल्याची सवय म्हणा. मी सायकल थोडी उजवीकडे काढली, वारा खांद्यावर आदळला. परत आत आलो, शांत. पॅडल सैल सोडलं, मागं पडलो, वारा आला. जोर लावून पुढं सरकलो, गेला. अगदी असंच होतं, जेव्हा पुढं, जरासं उजव्या अंगाला, कुणीतरी सायकल चालवत असतं.

रस्ता मोकळा होता.

मग ऐकू आलं. चेनकव्हर घासल्याचा आवाज. खर्र... टक. खर्र... टक. माझ्या सायकलला चेनकव्हर नाही. आईच्या सायकलला होतं, ठोकर लागून वाकलेलं. मी चार-पाच वर्षांचा असताना घरी सांभाळायला कुणी नसलं की ती मला कॅरिअरवर बसवून वस्त्यांवर न्यायची. “मिलिंद, पाठीला डोकं लाव. वारं लागायचं न्हाई,” म्हणायची. पाठीला कान लावला की तिचा दम ऐकू यायचा आणि खालून तो आवाज.

हे सगळं त्या वेळी मी आठवू दिलं नाही स्वतःला. फक्त त्या आवाजामागं चालवत राहिलो. पांढरीपूल गेला. इमामपूरच्या घाटात मी मंदावलो, तसा तो आवाजही मंदावला. मला सोडून एकदाही पुढं गेला नाही. घाटमाथ्यावर मात्र एकदम छातीवर वारा आला, इतका जोरात की ब्रेक लावल्यासारखी सायकल अडली. आवाज नव्हता. का कुणास ठाऊक, मी मोठ्यानं “आई” म्हणालो. जेऊर समोर दिसत होतं. पुढचा रस्ता कसाबसा ओढला.

सातला घरी पोचलो. वाटलं, फोन बंद म्हणून बोलणी बसणार. वैशालीनं दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि रडायलाच लागली.

तिनं जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत देतो.

“साडेचारच्या सुमाराला चादर बदलायला गेले. आईंचे पाय हलत होते. दोन्ही! उजवासुद्धा. एकाआड एक, वर-खाली. मी म्हटलं, आई, काय होतंय? तर स्पष्ट बोलल्या हो. म्हणाल्या, ‘बोलू नगं. दम लागतो. पोरगं मागं हाय.’ मला वाटलं वाऱ्याचा त्रास होतोय, मी फॅन बंद केला. तर म्हणतात, ‘फॅनचं न्हाई गं. फुडून येतंय. लई वारं हाय.’ तुम्हाला फोन लावते तर बंद. त्यांना धरू की नको, कळेना. घामानं गाऊन भिजला. तासभर... जास्तच. मग थांबल्या आणि झोपल्या.”

आत गेलो. आई गाढ झोपली होती. सकाळी वैशालीनं तिची वेणी घातली होती. ती सुटून कपाळावर, कानांवर केस पिंजारले होते, गाठी झालेल्या. उशीवर डोकं घासून होतं असं, हे मीच तेव्हा वैशालीला म्हणालो.

डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी विचारलं. ते म्हणाले, स्नायूंना आचके येतात कधीकधी. मी विचारलं, दोन्ही पायांना? एकाआड एक? तासभर? ते म्हणाले, “मी समोर नव्हतो, काय सांगणार.” प्रामाणिक उत्तर होतं. बोलण्याचं तर त्यांनी मानलंच नाही.

आईचं बोलणं परत पहिल्यासारखं झालं होतं. मी कॉटवर तिच्याजवळ बसून विचारलं, “आई, काल कुठं गेली होतीस?” चांगला हात पुढं आणून तिनं माझी पोटरी धरली आणि दाबायला लागली. हळूहळू, वरून खाली. मी “राहू दे” म्हणालो तर म्हणाली, “नगं.” हात दुखेपर्यंत दाबत राहिली.

कार्तिकात ती गेली. तोवर उजवा पाय पुन्हा हलला नाही.

पुढच्या आषाढात मी मुद्दाम निघालो. तोच रस्ता, तीच वेळ, वाराही तसाच. प्रयोग एकदा करून भागत नाही, असं मुलांना सांगतो ना आम्ही. घोडेगाव सोडल्यावर सगळ्या बाजूंनी बघितलं — उजवीकडे सरकलो, मागं पडलो, पुढं गेलो. सगळीकडे वारा. कान देऊन ऐकलं. घाटात तर उतरावं लागलं, सायकल हातात धरून चालत चढलो.

पहिल्या वेळेला काय झालं, ते मला सांगता येत नाही. दुसऱ्या वेळेला काय झालं ते सांगता येतं — काहीच नाही. आणि त्या चढावर मी मुलासारखा रडत होतो.