पोप उतरणार होते ते घर

सांगलीत आमच्या गल्लीत फोन एकट्या आमच्याकडे होता. गल्लीतल्या निम्म्या लोकांनी तो नंबर आपलाच म्हणून देऊन टाकलेला, त्यामुळे कोणाचं लग्न ठरलं आणि कोण अंथरुणाला खिळलं हे आधी मला कळायचं. मला ते आवडायचंही. त्या आवडीची आज लाज वाटते.

शेजारच्या मावशींची लेक माझ्याच वर्गातली. मावशी ख्रिस्ती; लेक चर्चची सिस्टर, म्हणजे संन्यासिनी झाली आणि तिच्या संस्थेने तिला एका चिमुकल्या बेटावरच्या देशात पाठवलं, पोपच्या वकिलातीत घर सांभाळायला. पोपचे राजदूत असतात हेच मला ठाऊक नव्हतं. देवाधर्माच्या माणसाला राजदूत कशाला लागतो, असं मी मावशींना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, सरकारशी बोलायला कुणीतरी नको का.

फोन रविवारी संध्याकाळी यायचा. मावशी पदर सावरत येईपर्यंत आम्ही दोघी बोलून घ्यायचो. सगळा देश आपल्या सातारा तालुक्याएवढा, असं ती सांगायची. वकिलात म्हणजे बागेतलं एक घर, दारात पिवळा-पांढरा झेंडा, आत वयस्कर इटालियन राजदूत, त्यांचा सेक्रेटरी आणि घर सांभाळणाऱ्या हिच्यासारख्या दोन-तीन सिस्टर. सरकारी समारंभात सगळ्या राजदूतांच्या पुढे उभं राहायचा मान त्या म्हाताऱ्याचा, आणि घरी मात्र त्यांना स्वतःचा चष्मा सापडत नसे.

एका रविवारी तिने सांगितलं की पोप त्या देशात येणार आहेत. परदेशी गेले की ते आपल्या राजदूताच्याच घरी उतरतात म्हणे, आणि त्यांची खोली लावायचं काम तिच्याकडे आलं होतं. मावशींनी गल्लीभर पेढे वाटले. पोप कोण हे ज्यांना माहीत नव्हतं त्यांनीही दोन-दोन उचलले.

त्याच दिवसांत मावशींचं पोट दुखायला लागलं. मीच त्यांना मिरजेला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता फार दिवस नाहीत, कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. मावशी सगळं ओळखून होत्या. रिक्षात बसल्यावर त्यांनी माझा हात घट्ट धरला.

“तिला कळवू नगंस. कळलं की हातातलं टाकून पळत यील ती. अशी येळ तिच्या जल्मात परत यायची न्हाई.”

मी हो म्हटलं. खरं तर मला ते पटलं नव्हतं. पण आजारी बाईशी वाद कोण घालणार, आणि तसली बातमी फोनवर सांगायची माझी छातीही नव्हती. मावशींना दिलेला शब्द मला सोयीचाच पडला.

पुढच्या रविवारी मावशी फोनवर अगदी खणखणीत बोलल्या. एवढा आवाज कुठून आणला देव जाणे. मग त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला. ती म्हणाली, आई बरी आहे ना, खरं सांग. मावशी समोरच्या खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या.

“बरी आहे गं,” मी म्हटलं. “तू तुझं काम कर.”

पोप यायच्या आधीच मावशी गेल्या. साताऱ्याहून त्यांचे भाऊ आले, चर्चच्या माणसांनी सगळं केलं. तिला कळवायला मीच फोन लावला. ती पोचली तेव्हा मातीवरची फुलंसुद्धा सुकून गेली होती, आणि ती इथे असतानाच पोप तिकडे येऊन गेले. त्यांची खोली दुसऱ्याच सिस्टरने लावली. माझ्या खोटेपणाने तिची आईशी शेवटची भेट गेली आणि तो दिवसही गेला.

निघायच्या आदल्या दिवशी ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. ती भांडेल म्हणून मी मनाची तयारी केली होती. तिने काही विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं की मावशींनी शब्द घेतला होता. ती चहाचा कप हातात धरून ऐकत राहिली.

“आई खोटं बोलणार, हे मला माहीतच होतं,” ती म्हणाली. ““आदल्या रविवारीच तिचा आवाज मला बरा वाटला नव्हता. राजदूत तिकीट काढून द्यायला तयार होते. म्हणाले, आधी घरी नीट विचारून घे. म्हणून तर मी आईला फोन तुझ्याकडे द्यायला सांगितलं.”