दिगंबरचं पांढरं अस्वल

दिगंबरच्या बायकोचा, शोभावहिनींचा फोन आला तेव्हा मी दुकानात गुरांच्या ढेपेच्या पोत्याची शिवण उसवत होतो. एरवी त्या आधी पाऊसपाणी, मग माझी साखर, मग सुनेची तब्येत, अशी सगळी चौकशी करून मुद्द्यावर येतात. त्या दिवशी नुसतं म्हणाल्या, "भाऊजी, या तुमी." मी पोतं तसंच टाकून निघालो… हिंगणघाटात माझ्या दुकानापासून दिगंबरच्या घरापर्यंतचा रस्ता मी आयुष्यभर तुडवला आहे, पण त्या सकाळी तो काही केल्या संपेना. वणा नदीच्या काठावर सगळं आटोपलं, त्याला आता काही आठवडे झाले. दिगंबर गेला हे मला अजून पटलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्याचा मला अजून रागही येतो.

आम्ही शाळेपासूनचे. त्याचा बसस्टँडजवळ फोटो स्टुडिओ होता आणि गावातली बहुतेक लग्नं त्यानेच टिपली. "हनुवटी खाली… हां, आता श्वास सोडा," हे तो नवरदेवापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना सारख्याच आवाजात सांगायचा. हाताला कसब होतं, पण एक खोड होती. जेवणाऱ्याचा फोटो तो काढत नसे. पंगत बसली की कॅमेरा पिशवीत गेलाच. नवरा-नवरीने एकमेकांना घास भरवायचा फोटो तर सगळ्यांनाच हवा असतो. तोही हा पठ्ठ्या घास ओठांपाशी थांबवून काढायचा आणि कॅमेरा खाली घेऊन म्हणायचा, "आता खा." यावरून किती वरबापांशी त्याची वाजली, याला गणती नाही.

ही खोड कशी लागली ते मला माहीत आहे, कारण त्या पंगतीत मी वाढत होतो. वडनेरचं लग्न होतं आणि दिगंबर तेव्हा नवशिका होता. नवरीचा कुणी लांबचा काका, तोंडात दात नाहीत, मान खाली घालून मन लावून जेवत होता. मिशीला बुंदी चिकटलेली. दिगंबर त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि फ्लॅश उडवला. अख्खी पंगत हसली. म्हाताऱ्याने वर पाहिलं, हातातला घास पत्रावळीवर ठेवला, हातावर पाणी सोडलं आणि उठला. नवरीच्या बापाने हात जोडले, पण तो टोपी-पिशवी घेऊन चालू लागला. दिगंबर त्याच्यामागे पार फाट्यापर्यंत गेला. तिथे काय बोलणं झालं ते त्याने कधी सांगितलं नाही. परत आला आणि स्वतःही न जेवता सामान आवरायला लागला. "माणूस भरल्या ताटावरून उठला रे माह्यापायी," एवढंच म्हणाला.

पुढे त्याला जंगलाचा नाद लागला. लग्नसराई नसली की रविवारी बोरच्या जंगलात. तिथेही तेच! वाघाने चितळ मारलेलं असायचं, बाकीच्या जिपांमध्ये लोक एकमेकांच्या खांद्यांवर चढायचे आणि हा कॅमेरा मांडीवर ठेवून शांत बसायचा. ड्रायव्हर कपाळाला हात लावायचे. वाघापेक्षाही त्याचा जीव अस्वलावर. "आपलं कायं अस्वल तं पाह्यलं, आता त्याचं पांढरं भाऊबंद पाहाचं हाय," असं तो इतकी वर्षं म्हणत आला की आम्ही ऐकणंच सोडलं होतं. मग त्याला हृदयाचा झटका आला. डॉक्टर म्हणाले, कुठे जायचं असेल तर आता जाऊन या, पुढच्या वर्षाचं मी सांगू शकत नाही. हे ऐकून दुसरा माणूस काशीला गेला असता. दिगंबरने उत्तर ध्रुवाकडे जाणारी बोट शोधली. वहिनींनी एकच अट घातली, "भाऊजी संग असतीन तरच." म्हणून सरकी-ढेप विकणारा मी, ज्याला पवनारच्या पुलावरून धाम नदीकडे पाहिलं तरी गरगरतं, बर्फाच्या समुद्रात जाऊन आलो.

स्वालबार्ड बेटांवरच्या बंदरातून बोट निघाली आणि सूर्य मावळायचाच विसरला. तिथल्या थंडीचं वर्णन मी करणार नाही, आपल्याकडच्या पौषात कानटोपी घालणाऱ्याने ते करूही नये. थंडीत बॅटऱ्या मरतात म्हणून दिगंबर त्या बंडीच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवायचा. पहिले काही दिवस तो लहान मुलासारखा डेकवर पळत होता. बर्फाच्या लादीवर एकमेकांना रेलून पडलेले, सुळेवाले वॉलरस पाहून म्हणाला, "पाह्य, वऱ्हाड जेवून लवंडलं!" आणि धडाधड फोटो काढले. कड्यावरचे हजारो पक्षी, एक भुरका कोल्हा, निळ्या बर्फाच्या भिंती… बोटीवरचा पाव घरून नेलेल्या जवसाच्या चटणीशी खात रोज विचारायचा, "आज दिसन का रे?"

दिसलं. वाटाड्या बाईने दुर्बीण खाली घेत हात वर केला, कप्तानाने इंजिन बंद केलं आणि आमची बोट बर्फाच्या कडेला हळूच जाऊन थांबली. सगळे पुढच्या डेकवर गोळा झाले. समोर लादीवर अस्वल होतं, पिवळसर पांढरं, केवढं थोरलं! पुढ्यात सील. बर्फ लाल झालेला. आजूबाजूला कॅमेऱ्यांची टकटक सुरू झाली. दिगंबरने कॅमेरा डोळ्याला लावला… आणि खाली घेतला.

"अरे काढ ना!" मी त्याला ढोसलं.

"जेवून राह्यलं ते."

"मंग? तुह्या पंगतीत बसलं हाय काय?"

"होऊ दे त्याचं. मंग काढतो."

मी वाट्टेल ते बोललो. डॉक्टरांच्या बोलण्याची आठवण करून दिली, वहिनींची शपथ घातली. तो कठड्याला टेकून उभाच. जेवण झालं की अस्वल बर्फात तोंड घासून पुसतं, असं त्या बाईने आदल्या दिवशी सांगितलं होतं, आणि हा त्याची वाट बघत होता. अस्वलाला कसली घाई? ते सावकाश जेवत राहिलं. मग उजवीकडून धुकं आलं. आधी लादीची कड गेली, मग सील, मग अस्वल. दिगंबर कॅमेरा डोळ्याला लावून त्या धुक्याकडे रोखून उभा राहिला, कप्तानाने बोट मागे वळवेपर्यंत. नंतर पुन्हा एकही अस्वल दिसलं नाही. बोटीवरचे पुण्याचे एक डॉक्टर आपण काढलेला अस्वलाचा फोटो द्यायला तयार होते. "तुमचा हाय, तुमीच ठेवा," म्हणाला.

गावात परतल्यावर सभागृहात पडदा लावून कार्यक्रम झाला. वॉलरस झाले, पक्षी झाले, कोल्हा झाला, दिवे लागले. "अन् अस्वल?" सगळ्यांचा एकच प्रश्न. "दिसलं ना. लय मस्त होतं," दिगंबर म्हणाला आणि वायर गुंडाळायला लागला. पुढे कित्येक दिवस चहाच्या टपरीवर लोक आम्हाला चिडवायचे की हे दोघे काश्मीरला जाऊन आले. वहिनी मात्र मनातून दुखावल्या होत्या. एकदा मला म्हणाल्या, "जलमभर एकच गोष्ट मांगतली या माणसानं. अस्वलाले काय समजते हो भाऊजी, कोणं फोटो काढला अन् कोणं नाई?" दिगंबर तर हा विषय निघाला की स्टुडिओचं शटर पुसायला उठायचा. आतून त्याला काय वाटतं, हे मला काही केल्या कळत नव्हतं आणि तेच मला खात होतं.

शेवटी तो अंथरुणाला खिळला. एका दुपारी आम्ही दोघेच खोलीत होतो. मी विचारून टाकलं, "दिग्या, खरं सांग. पस्तावा होते का तुले?"

"होते ना," तो म्हणाला. "रोज होते. डोये मिटले का तेच दिसते."

"मंग काढला काऊन नाई?"

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मीच काही वेड्यासारखं विचारल्यासारखं. "अरे… जेवून राह्यलं होतं ना ते."

तेवढ्यात वहिनी पातळ खिचडी घेऊन आल्या. त्यांनी भरवलेलं त्याला चालत नसे. उशीला टेकवून, हातात चमचा देऊन त्या आत गेल्या. चमचा नीट तोंडापर्यंत जात नव्हता, अर्धं गळ्यावर सांडत होतं. त्याने एकदा ओशाळून माझ्याकडे पाहिलं. मी उठलो आणि खुर्ची खिडकीकडे फिरवून बसलो. बाहेर रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं. चमच्याचा आवाज थांबेपर्यंत मी तिकडेच बघत राहिलो.