गाडीला बांधलेली घुंगरं

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता. जावई धरणावर नोकरीला, म्हणून ती कोयनानगरला. आम्ही वडूजजवळच्या खेड्यात. मधे घाटाची वळणं, आणि आणायचं ते आमच्या ह्यांच्या जुन्या मोटारीतून. फौजेतून पेन्शनीत आल्यावर ह्यांनी ती घेतली. तिच्यावर ह्यांचा माझ्याहून अंमळ जास्तच जीव. मी तसं बोलून दाखवायचे, हे नुसते हसायचे. मी दिवसभर देवाचं नाव घेत होते, पण भरवसा म्हणाल तर देवावरही नव्हता आणि गाडीवरही नव्हता.

खंडेनवमीला आमच्याकडे नांगर, विळे, कुऱ्हाडींबरोबर गाडीचीही पूजा होते. त्या वर्षी मी गाडीच्या पुढच्या जाळीला पितळी घुंगरांचा पट्टा बांधला आणि खंडोबाला म्हटलं, लेक सुखरूप घरी येईपर्यंत हा सोडायची नाही. तेव्हापासून गाडी सुरू झाली की पुढून खळखळ ऐकू यायची. इतकी वर्षं फौजेत गाड्या हाकलेला माणूस, पण देवाची घुंगरं म्हटल्यावर ह्यांनी त्या आवाजाकडे कधी नीट कान दिला नाही. मला तर त्या आवाजाने धीर यायचा.

दिवाळीनंतर लेकीला आणायला निघालो. वाटेत पालीला खंडोबाचं दर्शन घेऊन बाहेर आलो, तर गाडीपाशी एक म्हातारी धनगरीण उभी. कोकणात उतरायला निघालेली तिची मेंढरं नदीकाठी अडून राहिली होती.

"लेकी, ही घुंगरं मला दे की," ती म्हणाली. "म्होरल्या मेंढीची तुटून पाण्यात गेली. आवाज न्हाई तर मागची पाय उचलंनात."

मला रागच आला. म्हटलं, "आजी, माझ्या लेकीच्या बाळंतपणासाठी बांधलीत ती."

"व्हय गं. पर तिच्याकडं त्यो बगतोयच की," तिने देवळाकडे मान वळवली. "त्याला काय घुंगरं लागत्यात व्हय?"

आत्ताच मी त्याच्याच पायावर डोकं ठेवून आले होते. मला भीती वाटली, डोळे भरून आले, तरी पट्टा सोडला आणि तिच्या हातात ठेवला.

ह्यांनी गाडी सुरू केली. खळखळ तशीच.

"घुंगरं तर गेली," हे म्हणाले. "मग ह्ये काय वाजतंय गं?"

उतरून ह्यांनी बॉनेट उघडलं, इंजिनाच्या पुढच्या अंगाला कान लावला आणि ह्यांचा चेहरा पडला. "टायमिंगची चेन," एवढंच म्हणाले. गाडी हळूहळू कराडच्या गॅरेजात नेली. झाकण काढलं तर इंजिनाच्या आतली ती चेन ताणून ढिली पडलेली, झाकणाला आतून घासून घासून चकाकी आलेली, ती ज्यांवरून फिरते त्या दातेरी चाकांचे दातही झिजून टोकदार झालेले. घाटात चेन एखाद्या दातावरून सरकली असती तर इंजिन जागीच बंद पडलं असतं. अवघडलेली लेक वळणावर रस्त्याकडेला बसलेली माझ्या डोळ्यांपुढे आली आणि मी तिथेच बाकावर टेकले.

नवी चेन, नवी दातेरी चाकं बसली. चाकांवरच्या खुणा समोरासमोर जुळवताना हे स्वतः वाकून बघत होते. रात्री कराडातच नणंदेकडे राहिलो आणि दुसऱ्या दिवशी कोयनानगरहून लेकीला घेतलं. येताना ती माझ्या मांडीवर डोकं टेकून झोपली. इंजिन इतकं शांत, की मला तिचा श्वास ऐकू येत होता. पाटण मागे टाकल्यावर समोरून घुंगरं वाजत आली. ह्यांनी गाडी कडेला घेतली. मेंढरं सगळी मुकाट म्होरकीमागे चालली होती. म्हातारीने खिडकीतून हात घालून लेकीच्या डोक्यावरून फिरवला. "आली व्हय गं माझी बाय," म्हणाली आणि कळपामागे निघून गेली.

त्या आजीत कोण होतं, याचा मी काथ्याकूट करत नाही. मला एवढंच कळतं, की मी जे घट्ट बांधून ठेवलं होतं तेच देवाने मागून घेतलं, म्हणून माझी लेक घरी आली. नात झाली, आता ती अंगणात दुडदुडते. हे अजून गाडी सुरू केली की आधी गप्प बसून कान देतात. मीही शेजारी हात जोडून बसते, आणि काही मागत नाही.