हातात आलेली तीन अक्षरे

शब्दांत मोठे सामर्थ्य असते, असे मी अनेक व्याख्यानांत ऐकले आहे आणि तिथेच मला चांगली झोपही लागली आहे. साताऱ्याहून म्हसवडला जाणाऱ्या एसटीत शेजारच्या बाई मात्र मोबाइलवर अक्षरे जोडून शब्द करायचा खेळ श्वास रोखून खेळत होत्या. समोरचा खेळाडू त्यांचा मुलगा, फौजेत, सीमेवर.

"त्याचा डाव आला की समजायचं, पोरगं बरं हाय," त्या म्हणाल्या.

आता पाळी त्यांची होती. हातात म, र, ण आले होते. बाकीची अक्षरे बिनकामाची. बोट पडद्यापाशी जाऊन परत येत होते.

"गेल्या साली मी 'आग' जोडलं, आन् चार दिसांत आमचा ऊस पेटला. आवं, तुमीच लावा कायतरी."

ऊस दरवर्षी कुठे ना कुठे पेटतोच, हे मी सांगणार होतो. पण फोन हातात आला आणि माझेही बोट थांबले. 'मरण'ला सर्वांत जास्त गुण होते. 'रण'ही नको वाटले. मी मुकाट्याने 'मण' जोडला.

उत्तर येईना. बाहेरचा माळ फारच गप्प होता. बाई माझ्या बोटाकडे टक लावून बघत होत्या.

दहिवडी मागे पडल्यावर फोन वाजला. मुलाने आमच्याच 'ण'वर 'मटण' जोडले होते आणि तो आईच्या पुढे गेला होता.