दाजींचं कडं

संभाचा फोन आला तेव्हा मी दाजींशी भांडायच्या तयारीत होतो. तयारी म्हणजे अगदी तयारी. इस्त्रीचा शर्ट घातला होता, दवाखान्यात भेटायला सोडतात ती संध्याकाळची वेळ गाठायची होती, आणि आदल्या दिवशी दाजींनी जे सांगितलं होतं त्याला काय उत्तर द्यायचं ते चपला घालता घालता मनात घोळवत होतो. "मामा, आबा गेलं," एवढंच संभा म्हणाला. माझ्या तोंडून निघालं, "गेले? असे कसे गेले? माझं बोलणं व्हायचंय अजून!" भाच्याला बिचाऱ्याला काय कळणार मी काय बोलतोय ते. तो तिकडं रडत होता आणि मी एक चप्पल घालून दारात उभा, रागानं धुमसत. होय, रागानंच. दुःख मागाहून आलं, आणि आलंय ते अजून जायचं नाव घेत नाही...

दाजी म्हणजे माझ्या आक्काचे मालक. उद्यमनगरात त्यांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. गेट, ग्रिल, टाक्यांचे स्टँड असली कामं. वर्कशॉपला लागूनच घर. तरुणपणी तालमीत कसलेले पैलवान, दोन्ही कान मोडलेले, आणि आवाज असा की गुपित सांगायला लागले तरी शेजारचा वेल्डर मान वर करून बघायचा. माणूस गेला की त्याच्यावर फुलं उधळायची आपल्याकडं रीत आहे. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते उगीच नाही. मी तसलं काही करणार नाही. दाजी हट्टी होते. घरात कुणाला न विचारता परस्पर ठरवायचे, आणि वादात हरायला लागले की आवाज चढवायचे. एवढं असून त्यांच्यावाचून माझी संध्याकाळ कधी गेली नाही, आणि आता एकही संध्याकाळ धड जात नाही.

आमचा वाद एकाच गोष्टीवर असायचा, तो म्हणजे संभाची मुलगी गौरी आणि तिचा हात. गौरी बास्केटबॉल खेळते. कोल्हापुरात हे सांगायला सुद्धा जिगर लागते. इथं फुटबॉलसाठी पेठाच्या पेठा एकमेकांच्या अंगावर जातात, कुस्तीचं नाव काढलं की म्हातारी माणसं मांडी थोपटतात, पण बास्केटबॉल म्हटलं की लोक विचारतात, "ते टोपलीत टाकायचं व्हय?" मी कॉलेजात थोडाफार खेळलो होतो, म्हणून तिला पहिला चेंडू मी आणून दिला. बापाचं ऐकून तीही मला मामाच म्हणते. पोरगी उंचीनं बेताची, पण पायात वीज. त्यामुळं शाळेच्या संघात ती गार्ड झाली, म्हणजे चेंडू पुढं घेऊन जाणारी, खेळ चालवणारी. ते बघून दाजी पेटले. आठवड्याच्या आत वर्कशॉपच्या मागच्या अंगणात लोखंडी खांब, पत्र्याचा बोर्ड आणि सळई वाकवून केलेली रिंग उभी राहिली. दाजी तिला रिंग म्हणत नसत, कडं म्हणत.

रोज संध्याकाळी गौरी त्या कड्यात लांबून चेंडू टाकायची, दाजी उलट्या बादलीवर बसून बघायचे आणि मी शेजारी उभा राहून मोजायचो. मग आम्ही दोघं गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जायचो. समोर म्हैस पिळून ग्लास हातात देतात तिथं. फेसाळ दुधाचा ग्लास तोंडाला लावला की दाजींचं सुरू, "काय पावणं, आज काय म्हणत्या तुमची टक्केवारी?"

"तीच. दहातले तीन. दाजी, लांबून टाकायचा नाद सोडायला सांगा तिला. गार्ड आहे, पळावं, पास द्यावा, रिंगखाली घुसावं."

"लांबून पडला तर तीन गुण हाईत न्हवं? दहातलं चार गेलं तर बारा झालं. जवळनं दहातलं पाच गेलं तरी दहाच. मग शाणं कोण?"

"चार गेले तर! जातात तीन. नऊच होतात."

"जातील की! हात हाय पोरीचा."

मी दूध संघात होतो. गावोगावच्या संकलन केंद्रांवर फॅट तपासण्यातच माझी सगळी नोकरी सरली. दाजी त्यावरून मला सोलून काढायचे. "फॅट काढायची खोड हाय तुमची," ते ओरडायचे, आणि कट्ट्यावरची म्हैस सुद्धा वळून बघायची. "आजच्या दुधातलं फॅट बघून म्हस फुडं किती दूध देणार ते सांगता येतंय व्हय?" मी म्हणायचो, "ते नाही सांगता येत, पण पाणी घातलेलं तेवढं कळतं." यावर ते खो खो हसायचे. त्यांना एवढं हसू का यायचं ते मला तेव्हा कळत नव्हतं.

खरं सांगायचं तर मला त्या पोरीची काळजी होती. रोज संध्याकाळी बघत होतो मी तिचा चेहरा. चेंडू कड्यावर आपटून परत आला की ओठ आवळायची, पुन्हा टाकायची, पुन्हा परत. आणि दाजींचं आणखी एक फर्मान होतं: मॅचमध्ये लांबून अजून टाकायचं नाही. "डाव झाकून ठिवायचा असतोय. येळ आली की काढायचा," असं त्यांचं म्हणणं. शाळेच्या मैदानावर ड्रिबलिंग आणि पास, लांबून टाकायचं ते फक्त घरच्या अंगणात. तिनं आजोबांचा शब्द कधी मोडला नाही. आणि वेळ जवळ आली होती. राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती, आणि त्या वयोगटातलं गौरीचं हे शेवटचं वर्ष. निवड झाली तर खेळाडूंच्या वसतिगृहात राहणं, पुढचं शिक्षण, सगळं मार्गी लागणार होतं. नाही झाली तर संभानं नर्सिंगचा प्रवेश बघून ठेवलाच होता. त्याचं चुकतं असंही नाही. दाजी थकल्यापासून वर्कशॉप तोच बघायचा, घरात कमावता तो एकटा.

आणि त्यातच दाजींना धाप लागायला लागली. दवाखान्यात ठेवलं. जायच्या आदल्या संध्याकाळी मी गेलो तर त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं, नाकावरचा मास्क बाजूला केला आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले, "पावणं... ते कडं बारीक हाय."

"कुठलं कडं?"

"पोरीचं. मापापरीस चार बोटं बारीक केलंय म्या."

मला आधी कळेचना. मग कळलं. तालमीत पैलवान जड गदा फिरवतो, म्हणजे मैदानात हात हलका पडतो. हे शास्त्र दाजींनी आमच्या गौरीला लावलं होतं! बारीक कड्यात दहातले तीन जाणारी पोर खऱ्या रिंगमध्ये किती टाकेल, याचा हिशेब करत म्हातारा इतकी वर्षं गालातल्या गालात हसत होता. आणि मी? जन्मभर दुधातलं पाणी पकडलं, पण माझ्या दाजींनी मापात घातलेलं पाणी मला दिसलं नाही. कारण दाजींच्या वर्कशॉपमधून निघालेली वस्तू मापात नसेल, अशी शंका आख्ख्या उद्यमनगरात कुणाला आली नसती. खालून बघणाऱ्याला चार बोटं काय कळतात?

"अहो दाजी, तिला सांगितलंत का?"

"खुळं हायसा काय तुमी? पैलवानाला कोण गदेचं वजन सांगतंय व्हय? चाचणीच्या आदल्या दिशी सांगणार. मीच सांगणार. तुमी बोलाल तर माझ्या गळ्याची आन हाय." मग धाप लागली, नर्सनं मला बाहेर काढलं. मी घरी आलो तो उत्तर जुळवतच. म्हणणार होतो की दाजी, पोर गदा नाही फिरवत, पोर रोज हरतेय. आत्ता सांगा, उद्याचं काही खरं नसतं... दुसऱ्या दिवशी संभाचा फोन आला.

तेराव्याला पाहुणे उठले आणि दोनच दिवसांनी चाचणी होती. आदल्या संध्याकाळी मी शपथ मोडायचं ठरवून घरी गेलो. गौरी बॅग भरत होती. त्यात तिनं दाजींचा जुना मफलर घडी करून ठेवला आणि आपणहून म्हणाली, "मामा, आबा कधी खोटं बोलायचे न्हाईत. हात हाय म्हणायचे ना? मग असेल." आता सांगा, कुठल्या तोंडानं सांगायचं त्या पोरीला, की आजोबांनी तुझ्याशी इतकी वर्षं मापाचं खोटं केलं? मनात म्हटलं, खऱ्या रिंगवर दोन चेंडू टाकले की तिचं तिलाच कळेल.

पण टाकलेच नाहीत ना तिनं! मी तिथं जाळीला धरून उभा होतो. समोर मोकळी जागा, हातात चेंडू, अंगावर कुणी नाही, आणि पोरगी पास देतेय. मी ओरडलो, "गौरे, टाक की गं!" तिनं माझ्याकडं बघितलं, हात उचलला... आणि पुन्हा पास दिला. यादीत नाव आलं नाही. येताना एसटीत ती खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "माझा हात न्हाय, मामा. आबा माझी समजूत घालायचे. मला म्हायती होतं." त्या दिवशी मला दाजींचा असा राग आला की ते जिवंत असते तर मी त्यांचं तोंड बघितलं नसतं.

घरी आल्यावर तिनंच बापाला सांगून कडं उतरवलं. संभानं गॅस कटरनं बुडख्यातून कापलं आणि भंगारात टाकलं. ते बघितल्यावर मात्र मला राहवेना. मी ते कडं भंगारातून काढलं, गौरीला दंडाला धरून शाळेच्या मैदानावर नेलं, शिपायाकडून शिडी मागितली आणि म्हटलं, "चढ वर. हे त्या रिंगमध्ये धर." ती चढली. दाजींचं कडं खऱ्या रिंगच्या आत अलगद मावलं आणि सगळीकडून फट राहिली. फटीतून आभाळ दिसत होतं. मी खालून सगळं सांगितलं, काही ठेवलं नाही.

खाली उतरली तेव्हा चेहरा पांढराफटक. "आबांनी मला सांगितलं का न्हाय?"

आणि काय सांगू, इतकी वर्षं ज्या माणसाच्या विरुद्ध बोललो त्याचीच बाजू माझ्या तोंडून बाहेर आली. "अगं, पैलवानाला गदेचं वजन सांगत नसतात."

"मी पैलवान न्हाय, मामा," ती ओरडली. अगदी दाजींचा आवाज. "मी रोज रडून झोपत होतो!" कोल्हापूरच्या पोरी बोलतात तशी, 'होतो' म्हणाली. कडं तिथंच टाकून ती घरी चालत गेली.

त्यानंतरचे आठवडे कसे गेले ते आमचं आम्हाला माहीत. दाजींच्या फोटोला हार घालायचं काम गौरीचं होतं, ते तिनं सोडलं. आक्का मला विचारायची, "काय सांगितलंस रं पोरीला?" आक्काला मी काय सांगू? नवरा जाऊन महिना झाला नाही, तिला हे सांगू? कडं मी माझ्या खोलीत खिळ्याला अडकवलं होतं. रोज संध्याकाळी कट्ट्यावर जायच्या वेळेला त्याच्यासमोर बसायचो आणि भांडायचो. दाजी, तुम्ही जिंकलात. हात आहे पोरीचा, कबूल. दहातले चार नव्हे, पाच जात असतील, टक्केवारी घाला चुलीत! आयुष्यात पहिल्यांदा मी हरायला तयार आहे, पण तुम्ही कुठं आहात? आणि पोरगी चेंडूला हात लावत नाही, त्याचं काय करू? वय निघून गेलं, चाचणी निघून गेली. आता हात असून उपयोग काय, सांगा की... लोखंड काही बोलत नाही.

गेल्या रविवारी दार वाजलं. गौरी. आत आली, खिळ्यावरचं कडं काढलं आणि काखेत मारलं.

"कशाला पाहिजे गं?"

"लावायचं हाय परत."

"अगं, मग खऱ्या मापाचं लावू की. मी सांगतो संभाला, आजच्या आज करून देईल."

"नको. हेच पायजे."

"का पण?"

ती दारात थांबली. डोळे लाल, हनुवटी वर. "मला आबांशी भांडायचंय."

मी चपला घातल्या आणि तिच्या मागून निघालो. संभानं शिडी लावली, वेल्डिंग मारलं. लोखंड निवायची सुद्धा वाट न बघता तिनं चेंडू उचलला आणि लांबून, पार कंपाउंडच्या भिंतीला पाठ लावून टाकला. कड्यावर आपटून बाहेर आला. दुसरा टाकला, तोही आला. "घ्या!" ती त्या कड्याकडं बघून ओरडली, "घ्या की आबा!" आणि तिसरा टाकला. उलटी बादली होती तिथंच होती. तिच्यावर मी बसलो. पुढं काय होणार, कुठला संघ तिला घेणार, मला माहीत नाही. मी मोजलं नाही. चेंडू कड्यावर आपटला, माझ्या पायाशी घरंगळत आला, आणि मी हात घालायच्या आत तिनं तो उचलला.